काच पुसा

ता. ११ डिसेंबर

चि. ठोंब्यास,

अ. उ. आ. आशीर्वाद हाताच्या सवयीने लिहून झालाय, खोडत नाही एवढंच. मनापासून आहे असं समजू नकोस.

मी फोन उचलत नाही म्हणून तू तुझ्या भावोजींकडे कुरकुर केलीस म्हणे. नाहीच उचलणार. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

काय झालं ते तुला अर्धंमुर्धं कळलंय. आता माझ्याकडून सगळं ऐक. मंगळवारी सकाळी मी ड्रायव्हिंग स्कूलची नवी गाडी घेऊन एकटीच निघाले. कुठली ते सांगायला नको. तीच, जी तू माझ्या मागे लागून लागून माझ्या गळ्यात मारलीस. हवा गार होती, खिडक्या बंद होत्या. औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर वळायला आणि समोरच्या काचेला आतून वाफ धरायला एकच गाठ पडली. जुन्या गाडीत त्यासाठी स्टिअरिंगशेजारी एक गोल खटका होता. तो कुठे आहे हे बघावं लागत नसे, हात आपोआप जायचा. शिकायला येणाऱ्यांना मी उभ्या गाडीत डोळ्यांवर रुमाल बांधून तो खटका, हॉर्न, दिवे शोधायला लावते, हे तुला माहीत आहे. तू त्याला हसायचास.

तुझ्या गाडीत खटका नाही. तुझ्या गाडीत टीव्ही आहे. त्या टीव्हीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: काच पुसा. मला काय हवं होतं? काच पुसायला हवी होती. मी दाबलं. तर सगळी स्क्रीन काळी ठिक्कर पडली आणि त्यावर अक्षरं आली, की आता निर्धास्त पुसा. वारा बंद नाही, चालू नाही, काही केल्या काहीच चालेना. मला वाटलं गाडीच गेली. मी पुन्हा पुन्हा बोट मारत राहिले. गाडीची दोन चाकं फुटपाथवर चढली. तिथे एक कुरियरवाली आपल्या स्कूटरला पिशवी अडकवत उभी होती. तिच्या मांडीचं हाड मोडलंय.

नंतर शोरूमच्या माणसाने मला समजावलं, अगदी लहान मुलाला समजवावं तसं, की ते बटण समोरच्या काचेचं नाहीच. ते स्क्रीनचं आहे. स्क्रीनवर बोटांचे डाग पडतात ना, ते फडक्याने पुसताना भलतंच काही दाबलं जाऊ नये म्हणून ती थोडा वेळ झोपी जाते. अरे मेल्या! गाडीत बसलेल्या माणसाला काच म्हटलं की कुठली काच आठवेल? आणि हे शब्द कुणाचे? गाडीतली सगळी मराठी मी लिहिली म्हणून गेल्या वर्षी घरभर मिरवलास तू. मीही शेजारीपाजारी सांगून आले होते, माझीच जीभ झडो.

परवाना कचेरीने माझा शिकवण्याचा परवाना अडकवून ठेवलाय. चौकशी होईल आणि मग तो परत मिळेल किंवा कायमचा जाईल. तू यायचंस आणि अधिकाऱ्यासमोर एवढंच सांगायचंस, की ते बटण काय करतं आणि त्यावर ते शब्द कुणी घातले. बाकी काही नको. वकिली नको, रडारड नको.

लोभ ठेवायचा की नाही ते तुझं उत्तर आल्यावर ठरवीन.

तुझी,
ताई

---

ता. १७ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. यातले दोन वि म्हणजे विनंती विशेष. तुझ्या पत्रात विनंती कुठे सापडली नाही, सगळे हुकूमच होते.

आधी त्या बाईंची तब्येत कशी आहे ते कळव. मला खरंच वाईट वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि तू म्हणशील ते कबूल करणं वेगळं. तू स्वतःच्या हाताने लिहिलंयस, की मी पुन्हा पुन्हा बोट मारत राहिले. म्हणजे तू खाली बघत होतीस. वाफ धरली, दिसेना, तर गाडी कडेला घ्यायची. हे मी तुला शिकवायचं? तुझ्याकडे शिकणाऱ्या एखाद्याने असं केलं असतं तर तू त्याला भर रस्त्यात उतरवून चालत घरी पाठवलं असतंस.

शब्दाबद्दल सांगतो. आमच्या ऑफिसात टचस्क्रीनला सगळे काचच म्हणतात. काच बदल, काच उजळ कर, काचेवर हे बसत नाही, दिवसभर हेच चालतं. मी आधी स्क्रीन स्वच्छ करा असं लिहिलं होतं. ते चौकटीत मावेना, शेवटची दोन अक्षरं कापली जायची. काच पुसा छान मावलं. आम्ही ते किती तरी लोकांना खोलीत बसवून दाखवलं, एकाचाही गोंधळ झाला नाही. तुझा झाला म्हणून सगळ्या जगाचा होतो असं नाही. शिवाय गाडीशी बोलता येतं. तू नुसतं तोंडाने सांगितलं असतंस तरी वाफ गेली असती. पण नाही, तुला खटका पाहिजे!

खटक्याचं कौतुक पुरे कर. खटका एकदा चुकीच्या जागी बसला की गाडी भंगारात जाईपर्यंत तिथेच राहतो. आम्ही चूक इथे बसून सुधारतो आणि ती सगळ्या गाड्यांमध्ये एकदम सुधारते. लोकांना हे समजत नाही आणि मग ते जुन्या गाड्यांच्या आठवणी काढत बसतात.

चौकशीला मी येणार नाही. आमच्या वकिलांनी लेखी कळवलंय की कुणीही कुठे तोंड उघडायचं नाही. तू मोठी आहेस, तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे. ते बटण गाडीत आहेच, अधिकाऱ्याला दाखव. मी कशाला हवा?

लोभ माझ्याकडून तरी आटलेला नाही. तुझं तू बघ.

तुझा,
भाऊ

---

ता. २६ डिसेंबर

चि. ठोंब्यास,

अ. आ. मी पत्रं लिहिणारा माणूस नाही, चष्म्याचे नंबर लिहिणारा आहे. तेव्हा सांभाळून घे. तुझ्याशी माझं काही भांडण नाही असं लिहायला बसलो होतो, पण विचार केल्यावर लक्षात आलं की आहे.

तुझं पत्र तुझ्या ताईने टराटरा फाडलं. मग पुन्हा राग यावा म्हणून चिकटपट्टी लावून जोडलं आणि वाचलं. आता ती तुझं नाव काढत नाही, म्हणून मी लिहितोय. गाडीशी बोलायचं तू सुचवलंस, ते तिने नंतर करून पाहिलं. दारात उभ्या गाडीत बसून वाफ घालव, वाफ घालव म्हणून ओरडत होती, आणि गाडीने रेडिओ लावला. मी खिडकीतून बघत होतो. मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं.

ती रोज दवाखान्यात जाते. कुरियरवाली तिला बघितलं की भिंतीकडे तोंड करते. ही फळांची पिशवी टेबलावर ठेवते, जरा वेळ उभी राहते आणि परत येते. सकाळी उठून आवरून, केस विंचरून, चपला घालून बसते आणि मग आठवतं की कुठे जायचं नाही. शिकायला येणाऱ्या पोरींचे फोन येतात, त्यांना सांगते की दुसरीकडे जा. एकीला तर पत्ताही सांगितला. ज्या माणसाला ती वर्षानुवर्षं शिव्या घालत आली त्याच्याच शाळेचा.

चौकशी पुढच्या बुधवारी आहे. मी तिला म्हटलं की त्या स्क्रीनचा एक फोटो काढून ठेव. तर म्हणाली की बटण कुठे पळून जातंय? तिथेच तर आहे, अधिकारी येईल आणि बघेल.

परवाना गेला तर ती जगेल, माणसं जगतात. पण मला जी बाई माहीत आहे ती राहणार नाही. तू ये. वकील काय म्हणतात ते मला सांगू नकोस. माझ्या दुकानातही कधी चुकीचा नंबर जातो. मी ते भिंग परत घेतो, आणि माझंच चुकलं असं गिऱ्हाइकासमोर बोलतो. त्याने माझं दुकान बुडालेलं नाही.

भेटीत लोभ दिसू दे, पत्रात खूप झाला.

तुझा,
भावोजी

---

ता. ४ जानेवारी

ठोंब्या,

चि. नाही, आशीर्वाद नाही, काही नाही.

बुधवारी मी परवाना कचेरीच्या अंगणात गाडी नेऊन उभी केली. म्हणजे तुझ्या भावोजींनी चालवत नेली, मी शेजारी बसले. अधिकारी बाहेर आला, त्याच्यामागे दोन कारकून, आणि तमाशा बघायला चहा पीत उभी असलेली निम्मी कचेरी. मी त्यांना सगळं सांगितलं. मग गाडी चालू केली आणि म्हटलं की हे बघा, इथे काय लिहिलंय ते तुम्हीच वाचा.

अधिकाऱ्याने वाकून वाचलं. तिथे लिहिलं होतं: स्क्रीन स्वच्छता.

मी म्हटलं थांबा, दुसरीकडे असेल. मी सगळी पानं उलटली, त्या टीव्हीत जेवढी आहेत तेवढी. कुठेही काच पुसा नाही. भावोजी म्हणाले की माहितीपुस्तकात असेल. तर ते पुस्तकही तुम्ही त्या टीव्हीतच कोंबलेलं, आणि त्यातही शब्द बदललेला! अधिकाऱ्याने ते नवं बटण दाबून पाहिलं, तर गाडी सुरू असताना हे चालत नाही अशी सूचना आली. तो माझ्याकडे वळला आणि अगदी गोड आवाजात त्याने विचारलं की बाई, तुमचे डोळे शेवटचे कधी तपासले होते? भावोजी शेजारी उभे होते. ते गेली कित्येक वर्षं लोकांचे डोळे तपासतात. त्यांचं तोंड मला बघवेना. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

गाडीतल्या सूचनांच्या यादीत एक ओळ सापडली, आदल्या दिवशीची. किरकोळ भाषिक दुरुस्ती. बस्स. एका बाईचं हाड मोडलं, माझं आयुष्य रस्त्यावर आलं, आणि ते किरकोळ, आणि ते भाषिक.

ते तुझं काम. दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही. आता सांग मला, खटक्यावर कोरलेलं अक्षर एका दिवसात असं नाहीसं झालं असतं का? गाडी माझी, माझ्या दारात उभी, कुलूप लावलेली, चावी माझ्या उशाशी. आणि तू तिकडून हात घालून माझा पुरावा पुसलास. चोरसुद्धा दार तरी फोडतो!

मी खोटारडी ठरले. सगळ्यांच्या देखत. अधिकाऱ्याने दयाळूपणे आणखी एक तारीख दिलीय, या महिन्याच्या वीस तारखेची. काही म्हणायचं असेल तर म्हणा म्हणाला. माझ्याकडे म्हणायला काही उरलेलं नाही.

लोभ वगैरे सोड. नाव लिहायचं म्हणून लिहिते.

ताई

---

ता. १० जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

हो, मीच केलं.

पण तू समजतेस तसं नाही. भावोजींचं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मी आमच्या साहेबीणबाईंच्या खोलीत गेलो. म्हटलं शब्द बदलायचा, आजच्या आज, आणि गाडी सुरू असताना ते बटण बंद ठेवायचं. त्या म्हणाल्या की तक्रार आलेली नाही. मी म्हटलं आली आहे, माझ्या घरून. त्यांच्याशी मी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून बोललो. चौकट मोठी करायला चार माणसांची कामं अडवली. माझ्या डोक्यात एकच होतं की आणखी कुणी तो शब्द दाबू नये. चौकशी आहे हे माहीत होतं. मला वाटलं, अधिकाऱ्याला सुधारलेली गाडी दिसली की तो म्हणेल की ठीक आहे, प्रश्न मिटला. तुझं बोलणं खोटं पडेल हे डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे चूक सुधारली की ती कधी नव्हतीच अशी होते. तुझ्याकडे तसं होत नाही हे मला कळायला हवं होतं.

तू मला चोर म्हणालीस. एक बाजू ऐकून न घेता म्हणालीस, नेहमीसारखं. मी शब्द बदलला नसता तरी तू शिव्याच घातल्या असत्यास, बदलला तरी घातल्यास. तुला खूश करणं कुणाच्याही हातात नाही.

वीस तारखेला मी येतोय. वकिलांना सांगितलं नाही. घरी उतरणार नाही, परस्पर कचेरीत येईन आणि परस्पर जाईन. तुझ्या हातचा चहा मला नको.

लोभ असो किंवा नसो, येतो.

तुझा,
भाऊ

---

ता. २२ जानेवारी

चि. ठोंब्यास,

अ. आ. लिहू की नको करत लिहिलाय.

तू बोललास. सरळ बोललास, पाठ केल्यासारखं नाही. तो शब्द माझा होता, मीच लिहिला आणि मीच काढला. एवढं म्हणायला तुला किती जड गेलं ते मला दिसत होतं. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं तेव्हाच मला कळलं की परवाना वाचला. काल तो हातात मिळाला. सोबत लेखी ताकीद आहे आणि ती बरोबर आहे. कुरियरवाली कुबड्या घेऊन आली होती. काचेचा वरचा भाग मोकळा होता म्हणाली, आणि त्यातून तिला माझा चेहरा नाही, माझा भांग दिसला. गाडी अंगावर येत होती आणि आत एक भांग होता. ते खरं आहे. मी ते नाकारलं नाही, आणि शब्द कुणाचाही असला तरी ते तसंच राहणार आहे.

आता दुसरं. तू कचेरीतून निसटलास, बस पकडलीस, आणि तुला वाटलं सुटलास. अधिकाऱ्याने तुला जाता जाता सहज विचारलं होतं, की तुमच्या गाडीत वाफ धरली तर तुम्ही स्वतः काय करता? तू फरशीकडे बघितलंस. मग तू म्हणालास की तुला गाडी चालवता येत नाही. सगळी चाचणी तुम्ही लोक खोलीत, खुर्चीत बसून करता, समोर स्टँडवर स्क्रीन असते.

तिकडे नोकरीला गेल्यावर पहिल्याच वर्षी तू आम्हाला कळवलं होतंस की गाडी शिकलो. परक्या मास्तराकडे शिकलास म्हणून मी महिनाभर फुगून बसले होते. माझा भाऊ, ड्रायव्हिंग स्कूलवालीचा सख्खा भाऊ, आणि एवढी वर्षं थाप मारलीस! का, ते मी विचारत नाही. मी शेजारी बसले की तुझे हातपाय गार पडायचे, तेवढं मलाही कळतं.

पण ठोंब्या, थाप एक वेळ मी गिळीन. हे गिळता येत नाही, की ज्या सीटवर तू कधी बसला नाहीस त्या सीटवरच्या माणसाने कुठे बघायचं ते तू ठरवतोस. हजारो माणसांचं ठरवतोस. तू आणि तुझ्या शेजारच्या खुर्चीतलेही, मला आता कुणाचाच भरवसा नाही. शब्द बदललास म्हणून मी तुला शाबासकी देणार नाही. वाफ घालवायला त्या टीव्हीत अजूनही तीन ठिकाणी बोट लावावं लागतं. मी काल मोजलं.

नवी गाडी विकायला काढलीय. जुनी पुन्हा रंगवून घेतेय. एक मार्चपासून वर्ग सुरू. तू सुट्टी काढ आणि ये, सगळ्यांसारखा रांगेत उभा राहून नाव नोंदव. आला नाहीस तर मला पत्र लिहू नकोस, आणि लिहिलंस तर ताई म्हणून लिहू नकोस.

लोभ जुन्या गाडीत मिळेल, टपालाने पाठवत नाही.

तुझी,
ताई

---

ता. २९ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

नोकरीचं काय झालं ते तू विचारलं नाहीस. गेली नाही. साहेबीणबाईंनी मला शब्दांवरून काढून रंगांवर बसवलंय. आता मी दिवसभर निळा किती निळा असावा ते ठरवतो. खूश हो.

शेजारच्या खुर्चीतल्यांबद्दल तू लिहिलंस, म्हणून विचारून पाहिलं. आमच्या गटात आम्ही नऊ जण आहोत. सहा जणांना गाडी चालवता येत नाही. ऑफिसची बस दारातून नेते आणि दारात आणते, कुणाला गरजच पडली नाही. हे मी साहेबीणबाईंना सांगितलं तर त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाल्या की त्यांनाही येत नाही.

तुझ्या पत्राचा मला भयंकर राग आलाय. तू नेहमी असंच करतेस. आधी माणसाला नको नको ते बोलतेस आणि मग त्याने तुझ्याच दारात यायचं. रांगेत उभा राहणार नाही, हे आत्ताच सांगतो.

पण येतो. हात गार पडायचे ते तुझ्यामुळे नाही, ते तुला कुणीतरी सांगायला हवं होतं. तुझ्याशी भांडायची मला सवय आहे. त्या दिवशी कचेरीत मी त्या बाईंच्या कुबड्यांकडे बघितलं आणि तेव्हापासून रस्ता ओलांडतानासुद्धा मी गाडीच्या काचेमागे तोंड दिसतंय का ते बघतो. खोलीत आमच्या स्क्रीनसमोर भिंत असते, ताई. भिंतीला पाय नसतात, ती कधी आडवी येत नाही. आता माझ्यासमोर माणूस असेल, आणि मला भीती वाटते.

एक मार्चला सकाळच्या बसने पोचतो. शेजारी तूच बस.

तुझा,
ठोंब्या